वचनाची चिठ्ठी आणि तिचा अध्याय : बायबल नियमित वाचायला लागताना

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपली की आमच्या मंडळीत दाराशी एक ताट ठेवलेलं असतं. त्यात गुंडाळलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येकानं एक उचलायची. तिच्यावर निघेल ते आपलं वर्षाचं वचन. मग केक, चहा, सगळ्यांना सलाम, आणि घरी आल्यावर ती चिठ्ठी फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली. काही वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंना यिर्मया २९:११ निघालं. देव म्हणतो, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. मुलाच्या नोकरीचं तेव्हा चाललं होतं, काकू हरखून गेल्या. एप्रिल उजाडला तरी नोकरीचा पत्ता नव्हता. एक दिवस त्यांनी मला जिन्यात गाठलं. "काय गं, देव शब्द फिरवतो का?"

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि तो अध्याय पहिल्या ओवीपासून वाचला. तेव्हा कळलं की हे एक पत्र आहे. यिर्मया संदेष्ट्यानं ते यरुशलेमेहून बाबेलला लिहिलंय, तिथे धरून नेलेल्या लोकांना. त्यात सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. थोडक्यात, सामान बांधून बसू नका, मुक्काम लांबणार आहे. दहाव्या ओवीत आकडा येतो : ७० वर्षं. आणि त्याच्या लगेच पुढे काकूंच्या चिठ्ठीतली अकरावी ओवी. एक अध्याय मागे गेलो तर तिथे हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील. लोकांना कोणाचं बोलणं गोड लागलं असेल ते सांगायला नको.

काकू बराच वेळ पानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे वचन सत्तर वर्षांचं आहे. आणि मी डिसेंबरपर्यंतचं धरून बसले होते." नोकरीचं पुढे काय झालं हा इथला विषय नाही. त्या दिवसापासून काकू वाचायला लागल्या, आणि त्यांच्याबरोबर मीही जरा शिस्तीनं.

बायबल नियमित का वाचायचं, याचं माझ्याजवळचं पहिलं कारण हे आहे. आपल्यापैकी बहुतेकांना वचनं सुटी भेटतात : चिठ्ठीवर, कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर, सकाळच्या व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलासकट. ती खोटी नसतात. पण आपल्या जागेवरून उचललेली असतात, आणि जागा सुटली की त्यांत आपल्याला हवा तो अर्थ भरता येतो. रोज थोडं सलग वाचणारा माणूस त्या चिठ्ठ्या हळूहळू परत आपापल्या अध्यायात नेऊन ठेवतो.

फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:१३ घ्या. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या जोरावर मी सगळं करू शकतो, असं ते वचन. परीक्षेच्या आदल्या दिवशी, क्रिकेटच्या बॅटवर, जिमच्या भिंतीवर सगळीकडे भेटतं. बाराव्या ओवीपासून वाचलं की दिसतं, पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतोय की मला उपाशी राहताही येतं आणि पोटभर असतानाही राहता येतं. हे त्यानं तुरुंगातून लिहिलंय, आणि तेही मदत पाठवल्याबद्दल आभार मानताना. 'सगळं' म्हणजे हे सगळं. पहिला नंबर नव्हे.

दुसरं कारण जरा कडू आहे. जो स्वतः वाचत नाही त्याला कोणीही काहीही सांगू शकतं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ मध्ये बिरुया नावाचं गाव येतं. आज ते उत्तर ग्रीसमध्ये वेरिया म्हणून आहे. पौल तिथे बोलला, लोकांनी उत्सुकतेनं ऐकलं, आणि मग हा सांगतोय ते खरंच तसं आहे का म्हणून दररोज शास्त्र उघडून बघितलं. प्रत्यक्ष पौलाचं बोलणं त्यांनी ताडून पाहिलं, आणि हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकानं त्यांना उद्धट न म्हणता मोठ्या मनाचे म्हटलंय. आता आजचं बघा. यूट्यूबवरचा कोणी वक्ता मलाखी ३:१० वाचतो, दशमांश (कमाईचा दहावा हिस्सा) भांडारात आणा, आकाशाची कवाडं उघडतील, आणि खाली खात्याचा नंबर झळकतो. तुम्ही मलाखी वाचलेला असेल तर तुम्हाला पाच ओव्या मागचं आठवेल. तिथे देव मजुराची मजुरी दाबणाऱ्यांवर आणि विधवा, अनाथ, परके यांना नाडणाऱ्यांवर चालून येतोय. ती ओवी त्या व्हिडिओत सहसा नसते.

तिसरं कारण प्रार्थनेचं. आपले शब्द लवकर संपतात. आशीर्वाद दे, सांभाळ, आमेन, एवढ्यावर गाडी येऊन थांबते. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी तक्रारीची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा म्हणून नाही. माझ्या एका मैत्रिणीचा नवरा गेला तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण तिला आनंदाचं वचन ऐकवून जात होता. तिला ते अठ्ठ्याऐंशीवं लागू पडलं. ते तिथे आहे हे तिला ठाऊक होतं, कारण आधीच्या बऱ्या दिवसांत ती स्तोत्रं ओळीनं वाचत आली होती. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही म्हणतात, त्यातली गत.

आता बसायचं कसं.

पुस्तक कोणतं घ्यायचं

घरात असेल ते. नवं आणायचं तर बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' बहुतेक मंडळ्यांमध्ये वाचलं जातं, म्हणजे रविवारी कानावर पडेल तेच घरी डोळ्यांसमोर राहील. वसईकडच्या आणि इतर कॅथलिक वाचकांसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आहे. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ते हेच. त्यांची मराठी आजची आहे, टिपाही आहेत. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. शेजारणीच्या प्रतीत तोबित किंवा मक्काबी दिसलं तर दचकू नका.

शक्य असेल तर दोन भाषांतरं जवळ ठेवा. एक गंमत सांगते. मार्क ६:३७ मध्ये पाच हजार पुरुषांना जेवू घालायची वेळ येते तेव्हा शिष्य विचारतात, आम्ही जाऊन दोनशे रुपयांच्या भाकरी आणायच्या का? आमच्या गटात हे वाचताना एक मुलगा खो खो हसला. दोनशेत चार थाळ्या येत नाहीत! मूळ नाणं दिनार. एक दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा दोनशे दिनार म्हणजे निम्म्या वर्षाहून जास्त कमाई. जुन्या भाषांतरकारांनी वाचकाला जवळचं वाटावं म्हणून रुपया लिहिला, आणि मधल्या काळात रुपया कुठल्या कुठे गेला. दुसरं भाषांतर उघडलं की असे खड्डे दिसतात.

अक्षर मोठं असलेली प्रत घ्या, यात लाज कसली. फोनवर ॲपमध्येही मराठी बायबल मिळतं, वाचायलाही आणि ऐकायलाही. माझं मत विचाराल तर सुरुवातीला कागदच बरा. फोनवर याकोबाचं पत्र उघडलं की वरून बँकेचा मेसेज टपकतो.

मराठी ख्रिस्ती घरात एक गोष्ट माहीत असायला हवी. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळत हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. खेड्यातल्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. १९२२ मध्ये त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. 'आम्हा साध्या माणसांना कुठलं कळायला' असं कोणी म्हणालं की मला त्या वाचक बाया आठवतात.

सुरुवात कुठून

उत्पत्तीपासून नको. मी तीनदा केलंय. १ जानेवारीला जोरात निघायचं, योसेफाच्या गोष्टीपर्यंत मजा येते, लाल समुद्रही पार होतो, आणि निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायात निवासमंडपाचे खांब, कड्या, पडदे सुरू होतात. लेवीयपर्यंत फेब्रुवारी आलेला असतो, आणि तेराव्या अध्यायातल्या त्वचेवरच्या चट्ट्यांपाशी पुस्तक मिटतं ते पुढच्या १ जानेवारीलाच उघडतं.

मार्कापासून करा. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत ते सर्वांत आटोपशीर, १६ अध्याय. दोन-तीन आठवडे पुरेल. मग लूक, आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, कारण ती एकाच लेखकाची दोन पुस्तकं आहेत. मध्ये एखादं छोटं पत्र घ्या. फिलिप्पैकरांस चारच अध्यायांचं आहे, एका बैठकीत होतं. पत्र एका बैठकीतच वाचावं, आपणही घरून आलेलं पत्र रोज तीन ओळी असं वाचत नाही. हे अध्यायांचे आणि ओव्यांचे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले आणि नव्या कराराच्या ओव्यांना आजचे आकडे १५५१ मध्ये छापताना पडले. शोधायला फार सोयीचे, पण वाक्य मध्येच तोडायची सवय आपल्याला त्यांनीच लावली.

हिशेब हवा असेल त्यांच्यासाठी : नव्या करारात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला तर ५२ आठवड्यांत बरोबर संपतो आणि शनिवार-रविवार चुकलेलं भरून काढायला मोकळे राहतात. अख्ख्या बायबलचे (६६ पुस्तकांच्या) ११८९ अध्याय होतात, म्हणजे वर्षात संपवायचं तर रोज तीनाहून थोडे जास्त. नव्या माणसाला मी हे सांगत नाही. त्यात वाचन मागे पडतं आणि मागे पडलेले अध्याय मोजणंच मोठं होऊन बसतं.

कॅथलिक असाल तर आणखी सोपी वाट आहे. मिस्सेतली रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात, एक वर्ष मुख्यतः मत्तय, एक मार्क, एक लूक. येत्या रविवारचं शुभवर्तमान सोमवारीच काढा आणि रोज त्याच्या मागचं-पुढचं थोडं वाचा. रविवारी फादर बोलायला उभे राहतील तेव्हा तुम्ही आठवडाभर त्याच उताऱ्यात राहून आलेले असाल. भाविकांनी स्वतः शास्त्र वाचावं हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्येच स्पष्ट सांगितलंय, आणि ते सांगताना संत जेरोमचा जुना दाखला दिलाय, की शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान. 'बायबल वाचणं हे त्या प्रॉटेस्टंट लोकांचं' हे वाक्य आता तरी सोडून द्यावं.

वेळ

पंधरा मिनिटं. अर्धा तास ठरवू नका. पहाटे चारला उठायचं तर मुळीच ठरवू नका, आधी कधी उठत असाल तर गोष्ट वेगळी. रोज नक्की होणाऱ्या एखाद्या कामाला वाचन बांधून टाका. काकूंचं नळाच्या पाण्याला बांधलेलं आहे. सहाला पाणी येतं, पिंप भरेपर्यंत त्या वाचतात. पाणी आलं नाही त्या दिवशी वाचनही चुकतं, ते त्या हसून कबूल करतात. लोकलनं जाणारी एक बाई विरारपासून अंधेरीपर्यंत ऐकते. ऐकणं हे कमी प्रतीचं वाचन नाही. पहिल्या शतकात बहुतेकांनी पौलाची पत्रं ऐकलीच. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी तो सांगतो की हे तुमच्याकडे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचून दाखवा.

वही आणि पेन्सिल

शंभर पानी वही, साधी. डावीकडे तारीख आणि उतारा. खाली तीन गोष्टी : इथे काय लिहिलंय, त्या वेळच्या माणसाला ते कसं लागलं असेल, आणि आज मी काय करू. नवीन माणूस हमखास तिसऱ्यावर उडी मारतो. माझं सांगणं एवढंच की पहिलीवर निम्म्याहून जास्त वेळ घालवा. कोण, कुठे, कोणाशी बोलतोय, कुठला शब्द परत आलाय, कुठलं उत्तर चमत्कारिक वाटतंय.

पेन्सिलीनं खुणा करायला घाबरू नका, पुस्तक बाटत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं नवा करार दिला होता. टिळक तेव्हा हिंदू होते. आपल्या सवयीप्रमाणे पेन्सिलीनं खुणा करत सुरुवातीपासून वाचायचं त्यांनी ठरवलं, आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी पोचल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पाचव्या अध्यायापर्यंत पोचायचं तर आधी मत्तयाची ती लांबलचक वंशावळ ओलांडावी लागते, हेही जाता जाता लक्षात घ्या.

एक उतारा जवळून

हे सगळं हवेत राहू नये म्हणून एक उतारा बरोबर बघू. मार्क ५:२१ ते ४३. वाचून या, मग पुढचं वाचा.

याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येतो, पाया पडतो, मुलगी मरायला टेकलीय म्हणतो. येशू निघतो. वाटेत गर्दीत एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. तेवढ्यात निरोप येतो, मुलगी गेली. येशू तरीही जातो आणि तिला उठवतो. एवढं सगळ्यांना पाठ असतं, संडे स्कूलपासून.

आता पहिल्या प्रश्नावर रेंगाळा. बाईचं दुखणं किती वर्षांचं? बारा. मुलीचं वय? बारा, पण हे मार्क अगदी शेवटी सांगतो, बेचाळिसाव्या ओवीत. मुलगी जन्मली त्या सुमारास या बाईचा रक्तस्राव सुरू झालाय. एका घरात मूल वाढत होतं तेव्हा दुसरीकडे ही पैसे संपवत होती. याईराला नाव आहे, पद आहे, तो समोरून येतो. बाईला नाव नाही, ती मागून येते. याईर 'माझी लहान मुलगी' म्हणून रडतोय, आणि येशू थांबून या अनोळखी बाईला हाक मारतो ती कुठली? 'मुली'. शुभवर्तमानांत त्यानं कुठल्या बाईला अशी हाक मारलेली या एकाच प्रसंगात भेटते. त्या हाकेच्या वेळी याईर शेजारी उभा असणार, पायाखालची वाळू सरकत असणार. त्याच्या मुलीची मिनिटं या मुलीवर खर्च होताहेत.

दुसरा प्रश्न, तेव्हाच्या माणसाला हे कसं लागलं असेल. यासाठी आपण सोडून दिलेला लेवीय उघडायला लागतो. १५:२५ पासून पुढे : अशा स्रावाच्या सगळ्या काळात बाई अशुद्ध, तिचं अंथरूण अशुद्ध, त्याला शिवणाराही अशुद्ध. मराठी वाचकाला इथे टीप लागत नाही. 'शिवली' हा शब्दच पुरे आहे. 'बाजूला बसणं' ज्यांच्या आजीनं पाहिलंय त्यांना बारा वर्षं बाजूला बसणं म्हणजे काय ते लगेच कळतं. ती थरथर कापत का पुढे आली तेही. एवढ्या गर्दीत किती जणांना तिचा धक्का लागला असेल! आणि पुढच्याच प्रसंगात येशू मेलेल्या मुलीचा हात धरतो; प्रेताला शिवणंही गणना १९ प्रमाणे अशुद्धच, सात दिवसांचं. एक त्याला शिवली, दुसरीला तो शिवला. विटाळ त्याच्याकडे यायला हवा होता. झालं उलटंच, त्याच्याकडून यांच्याकडे काहीतरी गेलं.

माझ्या वहीत या उताऱ्याची तीन पानं आहेत, आणि तिसऱ्या वेळी वाचताना मला शेवटची ओळ दिसली : तिला काहीतरी खायला द्या. घरभर लोक थक्क होऊन उभे, आणि पोरीला भूक लागली असेल हे एकट्याच्या लक्षात.

अजून एक काम करा. लूक ८ मध्ये हाच प्रसंग आहे, तो शेजारी ठेवा. मार्क लिहितो की बाईनं पुष्कळ वैद्यांच्या हातून हाल सोसले, सगळा पैसा घालवला आणि गुण येण्याऐवजी दुखणं वाढलंच. लूक एवढंच म्हणतो की तिला कोणाकडून बरं होता आलं नव्हतं. परंपरा लूकाला वैद्य मानते. आमच्या गटातल्या नर्सबाई म्हणाल्या, "धंदेवाल्यांची बाजू सांभाळली हो त्यानं!" हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, पण दोन शुभवर्तमानं ताडून वाचायची चटक आम्हाला तिथूनच लागली.

अडलं तर

शब्द अडतील. वल्हांडण, जकातदार, परूशी, सुंता, शताधिपती. वल्हांडण म्हणजे ओलांडून जाणं, निर्गम १२ मध्ये देव इस्राएलाची घरं ओलांडून गेला त्याची आठवण. जकातदार म्हणजे नाक्यावरचा नुसता कारकून नव्हे. परक्या सत्तेसाठी स्वतःच्या माणसांकडून वसुली करणारा, म्हणून लोक त्याच्यावर थुंकायचे. असे शब्द वहीच्या मागच्या पानावर साठवत जा. तळटिपेत किंवा समासात दिलेले संदर्भ उघडून बघा, तीच सगळ्यात स्वस्त शिकवणी. शेवटी नकाशे असतील तर गालील कुठे आणि यरुशलेम कुठे ते एकदा बोटानं शोधा.

काही ठिकाणी शब्द समजतील आणि पोटात गोळा येईल. यरीहोत बायका-मुलांसकट सगळ्यांना मारलं, यहोशवा ६. बाबेलची बाळं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारी स्तोत्र १३७ची शेवटची ओवी. तिथे घाईघाईनं गोड उत्तर शोधू नका आणि आपला विश्वास कमी पडतो असंही समजू नका. समासात प्रश्नचिन्ह काढा, तारीख घाला, पुढे चला. पाळकांना विचारा, फादरांना विचारा. नीट वाचलेला माणूस असेल तर तो तुमच्याशी बसेल. प्रश्न विचारलात म्हणून रागावला तर दुसऱ्या कोणाला विचारा. माझी काही प्रश्नचिन्हं वीस वर्षं जुनी आहेत.

सोबत

एकट्यानं वाचताना आपण आपल्याच आवडीच्या ओव्यांभोवती घिरट्या घालतो. म्हणून आठवड्यातून एक तास चार-पाच जणांनी बसावं, आठवडाभर सगळ्यांनी एकच उतारा वाचलेला असावा. आमच्या गटात नियम एकच : मत मांडायचं तर आधी ओवीवर बोट ठेवायचं. 'मला असं वाटतं की देव...' सुरू झालं की कोणीतरी विचारतं, कुठे? सुरुवातीला लोक दुखावतात. महिनाभरात सगळेच पुस्तकात बघून बोलायला लागतात, आणि ज्या आजींना वाचता येत नाही त्या ऐकून असा एखादा प्रश्न टाकतात की पदवीधरांची बोलती बंद. चहा शेवटी ठेवा. आधी ठेवलात तर तास चहातच जातो.

घरात मुलं असतील तर त्यांना सोनेरी वचन पाठ करायला लावण्याआधी त्याची गोष्ट सांगा. योनाचं अख्खं पुस्तक चारच अध्यायांचं आहे, दहा-पंधरा मिनिटांत वाचून होतं, आणि मुलांना मासा आवडतो. मोठ्यांनी चौथा अध्याय चुकवू नये. तिथे शत्रूवर देवानं दया केली म्हणून संदेष्टा रुसून बसलाय, आणि पुस्तक एका प्रश्नावरच थांबतं.

खंड पडला तर

पडणारच. लग्नसराई, आजारपण, परीक्षा, नुसता कंटाळा. मागचं भरून काढू नका. आजच्या तारखेला आजचा उतारा. ॲपमध्ये 'सलग इतके दिवस' असा आकडा असतो, तो तुटला की काही जणांचं वाचनच तुटतं. तो आकडा बंद करता आला तर करा. एकदा माझा चार महिने खंड पडला होता. परत बसले ते स्तोत्र ११७ घेऊन, कारण ते दोनच ओव्यांचं आहे.

मार्क, लूक, कृत्ये आणि एक-दोन पत्रं झाली की जुन्या करारात शिरा, पण निवडून : उत्पत्ती, निर्गमचे पहिले २० अध्याय, रूथ, शमुवेलाची दोन्ही पुस्तकं, आमोस, योना. रोज एक स्तोत्र सोबतीला. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, महिन्याच्या तारखेप्रमाणे वाचता येतात, कंटाळा आला तर मध्ये ते घ्या. लेवीय आणि गणना त्यानंतर, इब्री लोकांस पत्राच्या जोडीनं. तेव्हा ते खांब आणि पडदे वेगळेच दिसतात.

तर उद्या मार्क १, ओव्या १ ते २०. मोठ्यानं एकदा, मनात एकदा. वाचताना 'लगेच', 'तत्काळ' असे शब्द जिथे येतील तिथे पेन्सिलीनं रेघ मारा. मार्काला या शब्दाची भारी खोड आहे, मूळ ग्रीकमध्ये तो त्याच्या पुस्तकात चाळीसेक वेळा येतो. परवा उरलेला अध्याय, ओव्या २१ ते ४५, मग रेघा मोजा, आणि एकेचाळिसाव्या ओवीत कोणाला कोण शिवतं ते वहीत लिहून ठेवा. पाचव्या अध्यायाशी पोचाल तेव्हा ते पान लागेल.